भीमाचं चुकलं का? ‘कीचकवध’, पुणे आणि १९१०ची बंदी

आजचा भाग ऐकण्याऐवजी वाचत असाल, तर आधी जागा डोळ्यांसमोर आणा : मंडई. मेट्रो स्टेशनातून वर आलं की मनोऱ्याची ती दगडी इमारत दिसते. १८८६ साली उघडली तेव्हा गव्हर्नरच्या नावावरून तिला ‘रे मार्केट’ म्हणायचे, आता ती महात्मा फुले मंडई. शेजारी लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे, १९२४ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या हस्ते उभारलेला. आज बोलायचंय ते टिळकांचे ‘केसरी’तले सहकारी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्याबद्दल, आणि त्यांच्या नाटकातल्या एका खुनाबद्दल.

प्रश्न साधा आहे. गोष्टीतल्या नायकाने कुणाला मारलं, तर त्याचा न्याय कशावर करायचा? त्याच्या हेतूवर, की पुढे जे घडलं त्यावर?

आधी मूळ गोष्ट बघू. पांडवांचा अज्ञातवास चालू आहे. वर्षभर ओळख लपवायची, पकडले गेले तर पुन्हा बारा वर्षं वनवास. विराटाच्या घरी भीम स्वयंपाकी, द्रौपदी राणीची दासी सैरंध्री. राणीचा भाऊ कीचक हा सेनापती. तो सैरंध्रीच्या मागे लागतो. ती जीव घेऊन राजसभेत धावते, तर कीचक भर सभेत तिला लाथ मारतो. राजा गप्प. युधिष्ठिर भीमाला खुणेने थांबवतो. मग रात्री ती भीमाकडे जाते, आणि नृत्यशाळेत कीचक मरतो.

हेतू बघितला तर भीम स्वच्छ आहे. पण परिणाम? कीचकाचे १०५ भाऊबंद सैरंध्रीला त्याच्या प्रेताबरोबर जाळायला नेतात, भीम त्यांनाही मारतो. घाबरलेला राजा तिलाच निघून जायला सांगतो. ती तेरा दिवसांची मुदत मागते. बातमी हस्तिनापूरला पोहोचते. सेनापती गेला, विराट दुबळा झाला, म्हणून त्रिगर्तांचा सुशर्मा आणि कौरव त्याच्या गाई पळवायला चालून येतात. म्हणजे महाभारत परिणाम लपवत नाही हां. सगळा हिशोब मांडतं, आणि तरी भीमाला दोषी धरत नाही.

आता १९०७. खाडिलकरांचं ‘संगीत’ नसलेलं, गद्य नाटक ‘कीचकवध’ महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. बंगालची फाळणी होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. काँग्रेसमध्ये मवाळ-जहाल वाद पेटला होता. प्रेक्षकांना कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदुस्थान, सबुरी सांगणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ, आणि भीम म्हणजे जहाल. गंमत म्हणजे कर्झन १९०५ सालीच व्हाइसरॉयपद सोडून गेला होता.

नाटक जवळजवळ तीन वर्षं चाललं. मग २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे या कोवळ्या पोराने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. महिन्याभरात, जानेवारी १९१० मध्ये, सरकारने ‘कीचकवधा’च्या प्रयोगांवर बंदी आणली. हत्यार होतं १८७६चा नाट्यप्रयोग कायदा.

इथे जरा थांबा. जॅक्सन त्या रात्री बघायला कोणतं नाटक आला होता? देवलांचं ‘शारदा’. म्हातारा नवरा आणि कोवळी मुलगी यांच्या लग्नाविरुद्धचं नाटक. त्यात ना गदा, ना खून. कान्हेरेने कारण सांगितलं ते बाबाराव सावरकरांना झालेल्या जन्मठेपेचा सूड. आणि बाबारावांना ती शिक्षा कशासाठी? कविता छापल्याबद्दल. मुंबई हायकोर्टाने ती कायम करताना म्हटलं होतं की देवांची आणि शिवाजी महाराजांची नावं हे फक्त निमित्त आहे, खरा उद्देश सरकारविरुद्ध युद्धाचा प्रचार.

हे कोर्टाचं वाचन चूक होतं का? खरं सांगायचं तर नाही. खाडिलकरांच्या बाबतीतही ‘अहो, ही तर नुसती पुराणकथा’ असं म्हणणं भाबडेपणा ठरेल. ते राजकारणातले माणूस होते, त्यांना काय म्हणायचंय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण लेखकाचा हेतू ओळखणं वेगळं, आणि नाशिकचा परिणाम त्याच्या खात्यावर टाकणं वेगळं. तीन वर्षं तेच संवाद, तेच प्रयोग. संहितेत एक अक्षर बदललं नव्हतं. बदललं होतं ते बाहेरचं जग.

पुण्याला हे नवीन नव्हतं. जून १८९७च्या शिवाजी उत्सवात टिळकांनी अफझलखानाच्या वधावर हाच प्रश्न घेतला होता : महाराजांनी पाप केलं का? त्यांचं उत्तर हेतूच्या बाजूचं होतं. स्वार्थ नसेल तर दोष नाही. १५ जूनच्या ‘केसरी’त ते छापून आलं, २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. टिळकांवर खटला राजद्रोहाचा झाला, खुनाच्या कटाचा नाही. शिक्षा अठरा महिने.

मग आपण कोणत्या बाजूला? दोन्ही बाजूंना एकेक गोष्ट दिसत नाही, असं आम्हाला वाटतं.

फक्त परिणाम बघणाऱ्याला ती राजसभा दिसत नाही. द्रौपदी आधी न्याय मागायला गेली होती. दार बंद झालं, म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. दुसरा मार्ग शिल्लक होता का, हा प्रश्न हेतूइतकाच मोठा आहे. सरकारने कवितेला जन्मठेप दिली आणि नाटक बंद केलं, तेव्हा त्याने नाटकातल्या भीमाचंच म्हणणं खरं करून दाखवलं : इथे तक्रार करून उपयोग नाही.

आणि फक्त हेतू बघणाऱ्याला नाटक आणि रस्ता यांतला फरक दिसत नाही. कीचकाचा गुन्हा प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिलेला असतो. शंकेला जागाच नसते. खऱ्या आयुष्यात असं कधी असतं? जॅक्सन हा त्या राजवटीचा अधिकारी होता, बाबारावांना खटल्यासाठी वरच्या कोर्टात त्यानेच पाठवलं होतं. तोच संस्कृतचा अभ्यासक होता, लोक त्याला पंडित म्हणत. त्याच्या अंगावर कीचकाचा पोशाख नीट बसत नाही. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे १९ एप्रिल १९१०ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्यांचा हेतू निःस्वार्थ होता यात शंका नाही. पण हेतू शुद्ध आहे एवढ्यावरून समोरचा माणूस कीचक आहे हे सिद्ध होत नाही.

म्हणून पुढच्या वेळी पडद्यावर हिरो कुणाला बदडत असेल आणि अख्खं थिएटर शिट्ट्या मारत असेल, तेव्हा शिट्टी मारा, बिनधास्त. फक्त दोन गोष्टी बघा. त्या आधी कुणी न्याय मागायला गेलं होतं का, आणि तेव्हा गप्प कोण बसलं? आणि खलनायकाचा गुन्हा आपल्याला खरंच दाखवलाय, की त्याचं नुसतं नाव, जात, धर्म सांगून आपल्याला टाळी वाजवायला लावलीय?

तुमचं मत काय, भीमाचं चुकलं का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!