हुगळीपलीकडची माणसे

या मालिकेत आपण बहुधा लढायांवर बोलतो. आज विषय आहे एका छापखान्याचा आणि त्यामागे उभ्या राहिलेल्या माणसांचा.

कॅप्टन असताना माझी नेमणूक काही काळ बराकपूरला होती. छावणीसमोर हुगळी आणि पलीकडच्या तीरावर सेरामपूर. हे आपले नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे. बंगालमधले हे गाव 1845 पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होते. आईने पत्रात लिहिले होते, "विल्यम केरींची कबर बघून ये रे." एका रविवारी होडीने गेलो, कबर पाहिली, फोटो काढला आणि परतलो. आईला दोन ओळी लिहिल्या: कबर पाहिली, तब्येत ठीक आहे.

केरी मूळचे इंग्लंडमधले जोडे शिवणारे. 1793 साली ते बंगालमध्ये आले आणि पुन्हा मायदेशी गेलेच नाहीत. त्यांचा लहानगा पीटर इथेच गेला. पत्नी डोरथी मानसिक आजाराने खचली, ती 1807 मध्ये मृत्यू येईपर्यंत सावरली नाही. या कार्याची किंमत तिने मोजली, हेही विसरू नये. सात वर्षे कष्ट करूनही एकाही बंगाली माणसाने बाप्तिस्मा घेतला नव्हता. अखेर 28 डिसेंबर 1800 रोजी कृष्ण पाल नावाच्या सुताराने घेतला.

आपला, मराठी माणसांचा, या गावाशी थेट संबंध आहे. 1805 साली केरींचे मराठी व्याकरण आणि मराठीतले मत्तयकृत शुभवर्तमान सेरामपूरला छापले गेले. 1810 मध्ये कोश आला, 1811 मध्ये संपूर्ण नवा करार. या कामात फोर्ट विल्यम कॉलेजातले मराठीचे पंडित वैजनाथ शर्मा यांचा मोठा वाटा होता. केरींचे नाव सर्वांना ठाऊक आहे, वैजनाथांचे फारच थोड्यांना.

11 मार्च 1812 च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कागदाचे साठे, अनेक लिप्यांचे खिळे आणि केरींची वर्षानुवर्षांची हस्तलिखिते जळून गेली. छपाईयंत्रे मात्र वाचली आणि राखेत अक्षरांचे पोलादी ठसे सापडले. वितळलेल्या धातूचे पुन्हा खिळे ओतले आणि काही महिन्यांत छपाई सुरू झाली.

हा अक्षरांचा कारखाना पंचानन कर्मकार या लोहाराने उभा केला होता. तो आगीच्या आधीच वारला. पुढे त्याचा जावई मनोहर दशकानुदशके बसून अक्षरे कोरत राहिला. मनोहर ख्रिस्ती झाला नाही, आपल्या देवाला धरून राहिला. पण हातातल्या कामाशी त्याने कधी बेइमानी केली नाही. तिकडे हॅना मार्शमन मुलांची निवासी शाळा चालवत होत्या. त्या शाळेच्या उत्पन्नावर मिशनचा बराच खर्च भागे. केरींच्या मुलांनाही त्यांनीच माया लावली.

आणि दूर इंग्लंडमध्ये केरींची बहीण मेरी होती. लकव्यामुळे जवळजवळ पन्नास वर्षे ती अंथरुणाला खिळलेली होती. ती भावासाठी प्रार्थना करत राहिली आणि पत्रे लिहीत राहिली. सेरामपूर तिने कधी पाहिले नाही.

आता एक प्रामाणिक प्रश्न. या सगळ्यातून टिकले काय? सेरामपूरच्या मराठी भाषांतराची भाषा पुढच्या लोकांना ओबडधोबड वाटली. मुंबईतल्या अमेरिकन मिशनने 1826 मध्ये नव्या कराराचे वेगळे भाषांतर छापले. म्हणजे ते पुस्तक काही दशकेही पुरले नाही. मग ते कष्ट वाया गेले का?

मला तसे वाटत नाही. प्रभू येशूच्या दाखल्यातला धनी दासाला शाबासकी देतो ती विश्वासूपणाबद्दल. पाच रुपयांचे पाच करणाऱ्यालाही आणि दोनाचे चार करणाऱ्यालाही तो तेच शब्द बोलतो, असे आई म्हणायची. पहिला आकडा ती नेहमी चुकायची, "पाचाचे दहा ग" असे आम्ही ओरडायचो. केरींनीही आपल्या पुतण्याला सांगितले होते की, आपल्याला नेटाने चालत राहणे तेवढे जमते. पायदळातल्या माणसाला हे लगेच कळते. तीस किलोमीटरच्या मार्चमध्ये पराक्रम कसला? पुढचे पाऊल टाकायचे, बस्स.

आई गेली त्याला बरीच वर्षे झाली. तिच्या बायबलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने लिहिलेली नावे सापडली. सगळी माझ्या कंपनीतल्या जवानांची. माझ्या त्या त्रोटक पत्रांतून तिने ती एकेक उतरवून घेतली होती. काहींचे शुद्धलेखन चुकलेले होते. रोज रात्री ती त्यांच्यासाठी प्रार्थना करत असे, हे धाकट्या बहिणीने सांगितले. त्यातल्या चौघांचे चेहरे मला, त्यांच्या कंपनी कमांडरला, आठवेनात. आईची पत्रेही मी जपली नाहीत. बदलीच्या सामानात कुठेतरी गेली.

निवृत्तीनंतर पुन्हा सेरामपूरला गेलो. या वेळी केरींच्या कबरीपाशी उभा राहून मनोहर, वैजनाथ, हॅना आणि मेरी यांची नावे मोठ्याने घेतली. नंतर खिशातला कागद काढून आईची यादी वाचली.

मंडळी, तुमच्या घरी असे कुणी असेल, तर त्यांच्या पत्राला, फोनला आज नीट उत्तर द्या. दोन ओळींत उरकू नका.

जय हिंद.