नायकांच्या जन्मकथा : वेताळापासून पवित्र प्रभाकरपर्यंत

चोपडा हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. याच रांगेच्या पश्चिमेला, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, अस्तंब्याचे शिखर आहे. कपाळावरची जखम घेऊन अश्वत्थामा तेथे अजून भटकतो व वाटसरूंकडे तेल मागतो, अशी खानदेशची लोकश्रद्धा; दिवाळीत यात्रेकरू ते शिखर चढून जातात. त्यामुळे ज्याला मरण नाही असा रानातला पुरुष इथल्या मुलांना नवखा नव्हता. ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून वेताळ मराठीत अवतरला, तेव्हा त्याच्याशी आमची ओळख चटकन जुळली ती यामुळेच.

अमेरिकन लेखक ली फॉक यांनी १९३६ साली हा नायक निर्माण केला. सुपरमॅन जन्मास आला तो त्यानंतर दोन वर्षांनी. समुद्री चाच्यांनी पित्याला मारले. किनाऱ्याला लागलेल्या पुत्राने मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून अन्यायाविरुद्ध लढण्याची शपथ घेतली. ती शपथ पित्याकडून पुत्राकडे जात एकविसाव्या पिढीपर्यंत आली, आणि लोकांना मात्र वाटत राहिले की हा एकच अमर पुरुष आहे. अश्वत्थाम्याचे अमरत्व हा शाप. वेताळाचे अमरत्व म्हणजे न मोडलेले वचन. हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे.

टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल’ सुरू केले, तेव्हा या जन्मकथेवर भारतीय संपादकांनी हात फिरवला. वेताळाचा मूळ ‘बंगाली’ देश ‘डेंकाली’ झाला आणि ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ चाचे झाले. हेतू उघड होता : वाचकाला आपलाच प्रांत वा आपलेच आडनाव खलनायकाच्या बाजूला दिसू नये. परंतु नावे बदलली तरी कथेचा गाभा तोच राहिला. अरण्याचा रक्षक गोरा, आणि अरण्यात राहणारे त्याचे आश्रित! वास्तविक १८५७-५८ मध्ये याच सातपुड्यात खाज्या नाईक व भीमा नाईक यांनी भिल्लांना संघटित करून इंग्रजांशी झुंज दिली होती. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीची लढाई झाली. सातपुड्याच्या सावलीत वाढणारी मुले कवटीच्या गुहेचा रस्ता जाणत होती, आंबापाणीचा नव्हे. दोष मुलांचा नव्हे. त्यांच्या हाती तसे पुस्तकच पडले नव्हते.

ही उणीव काही अंशी भरून निघाली ती १९७६ साली. आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटलेला ‘बहादूर’ त्याच मालिकेत दाखल झाला. हा दरोडेखोराचा मुलगा. पोलीस अधिकारी विशालच्या हातून त्याचा बाप मारला जातो. मुलाच्या मनात सूड पेटतो. परंतु अखेर तो त्याच विशालच्या छायेत वाढतो आणि दरोडेखोरीविरुद्ध उभा राहतो. वेताळाच्या कथेशी हे ताडून पाहावे. दोघांचाही आरंभ पित्याच्या मृत्यूने होतो. एक मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवतो, दुसरा त्याचा हात धरतो. माझ्या मते आपल्या चित्रकथांतील हे सर्वांत धाडसी पाऊल होय. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडले, तरी बहादूरची ही जन्मकथा जुनी झालेली नाही.

पुढे २००४ साली शरद देवराजन, सुरेश सीतारामन व जीवन कांग यांनी ‘स्पायडरमॅन : इंडिया’ हे चार अंक आणले. स्टॅन ली व स्टीव्ह डिट्को यांच्या १९६२ च्या मूळ कथेत अणुयुगाला साजेसा किरणोत्सर्गी कोळी चावतो; येथे खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईला आलेल्या पवित्र प्रभाकरला एक योगी सामर्थ्य देतो. योगी, राक्षस आणि धोतर एवढ्याने कथा भारतीय होते काय? मला तसे वाटत नाही. ही सजावट परक्या डोळ्यांना रुचेल अशी आहे. मात्र एक प्रसंग खरा उतरला आहे. संकटात सापडलेल्या स्त्रीची हाक पवित्र ऐकून न ऐकल्यासारखी करतो. त्याचा भीमकाका मात्र धावून जातो आणि प्राण गमावतो. त्या घटकेला योग्याचे वरदान फिके पडते आणि नायक जन्मतो.

२०२३ मध्ये हाच पवित्र एका अमेरिकन चलत्चित्रपटात झळकला आणि तो चित्रपट मराठीतही प्रदर्शित झाला. आता तो बुजरा राहिला नव्हता; आपल्या शहरात तो मजेत, आत्मविश्वासाने वावरत होता. वीस वर्षांत झालेला हा बदल स्वागतार्ह आहे.

जन्मकथा पुन्हा सांगाव्यात की नाहीत, हा वाद आपल्याला शोभणारा नाही. पुराणांपासून कानबाईच्या गाण्यांपर्यंत आपण तेच करीत आलो आहोत. पाहायचे ते इतकेच, की पोशाख बदलताना मूळचे वचन हरवले तर नाही ना. आणि सातपुड्याकडे पाहताना मनात येते, की आंबापाणीच्या वीरांनाही एखादा आबिद सुरती भेटावा. तसा अंक निघाला, तर चोपड्याच्या बसस्थानकावर त्याची वाट पाहणाऱ्यांत मी पहिला असेन.