बालक्रीडांगण (रत्नागिरी परिसर)

मुलांच्या मोकळ्या खेळासाठी राखलेली सामाईक जागा. कोकणात असा राखीव भूखंड अलीकडचा. त्याआधी अंगण (दक्षिणेकडे खळे), देवळाचे पटांगण आणि पुळण यांवर ही गरज भागे. पावसाळा सरला की अंगण उकरून, पाणी मारून, चोपून सारवत. लगोरी, लंगडी त्यावरच रंगे.

भूमी : रत्नागिरीत पायाखाली जांभा. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, हवेत टणक होतो. त्याच्या खरबरीत, सच्छिद्र पृष्ठावर पडलेल्या मुलाचा गुडघा सोलवटतो. आषाढात शेवाळ धरले की पाय ठरत नाही. म्हणून येथे खेळण्यांआधी जमिनीवर खर्च व्हायला हवा. युरोपीय मानक 1176 प्रमाणे 2 मी.पर्यंत पडण्याची उंची असलेल्या खेळण्याखाली 20 सेंमी. सुटी वाळू लागते, पायांनी उधळते म्हणून आणखी 10 सेंमी. समुद्र हाकेवर असला तरी किनाऱ्यावरची वाळू उपसण्यास किनारा नियमन क्षेत्र (सीआरझेड) अधिसूचनेने मनाई आहे; वाळू रीतसर विकत आणावी लागते. वर्षाला 3,000 मिमी.हून अधिक पाऊस पडत असल्याने तिच्या तळाशी निचऱ्याचा चर अत्यावश्यक, नाहीतर जूनमध्येच डबके होते.

साहित्य : खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते. झोपाळ्याची साखळी तपासताना रंगावर जाऊ नये. कडी कडीवर घासते तिथले जस्त आधी जाते आणि साखळी तिथेच तुटते. गजांमधील 9 ते 23 सेंमी.ची फट धोक्याची : तीतून धड जाते, डोके अडकते. फळत्या माडाखाली झोपाळा बांधू नये. जवळच्या विहिरीला कठडा हवाच.

कायदा : विकास आराखड्यातील आरक्षण महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 खाली होते. 10 वर्षांत जागा संपादित न झाल्यास मालक संपादनासाठी नोटीस देऊ शकतो (कलम 127). अशा जागांच्या मोबदल्याबाबत मतभेद आहेत.

अन्यत्र : बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचे केंद्र काढले, पुढे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी शाळा आदिवासी पाड्यांच्या अंगणात नेली. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये 1947 पासून वास्तुविशारद आल्दो वान आइक यांनी रिकाम्या भूखंडांवर 700 हून अधिक क्रीडांगणे आखली. वाळूचा हौद आणि चढायच्या कमानी, एवढेच साहित्य. कोकणातल्या लहान नगरपालिकांना हाच नमुना परवडेल.

अपंग मुले : सार्वजनिक जागा सुगम असणे 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमानुसार बंधनकारक.