घरातला पहिला मासा आणि गप्पीचा इतिहास

दहावीच्या सुट्टीत मी सावद्याला घरी काचेचा गोल बाउल आणला आणि त्यात दोन गोल्डफिश सोडले. पाचव्या दिवशी दोन्ही मेले. आणि अंगणातल्या हौदात आरोग्य कर्मचाऱ्याने सोडलेले गप्पी, कोणी दाणा न टाकता, मजेत वाढत होते. पाणी दोघांनाही एकच, बोअरचं, पातेल्याला पांढरा थर धरणारं.

मी तेव्हा निष्कर्ष काढला: गप्पी चिवट, गोल्डफिश नाजूक. संशोधनाची तयारी करत असाल तर इथे थांबा. माझ्या तुलनेत मासा बदलला होता, पण भांडंही बदललं होतं. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. जुन्या हौदाच्या शेवाळलेल्या भिंतींवर त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जीवाणू असतात. नव्या बाउलमध्ये ते नसतात. शिवाय बाउलमध्ये पाणी किती, हौदात किती! दोन गोष्टी एकदम बदलल्या की कारण कोणतं, हे सांगता येत नाही.

आता खरा प्रश्न: दक्षिण अमेरिकेतला मासा खान्देशातल्या हौदात आला कसा?

१८५९ मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनी व्हेनेझुएलातल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. पुढे त्रिनिदादहून रॉबर्ट गप्पी यांनी नमुने लंडनला पाठवले आणि १८६६ मध्ये गुंथर यांनी त्यांच्या सन्मानार्थ त्याच माशाला नवं नाव दिलं. नियमाप्रमाणे पीटर्स यांचं आधीचं नाव टिकलं, म्हणून शास्त्रात तो 'पोइसिलिया रेटिक्युलाटा'. पण लोकांच्या तोंडी राहिला तो गप्पीच.

डास हिवताप पसरवतो हे १८९७-९८ च्या सुमारास रोनाल्ड रॉस आणि इटालियन संशोधकांच्या कामातून सिद्ध झालं. मग अळ्या खाणाऱ्या माशांना मागणी आली. गप्पी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आला, गंबुशिया १९२८ मध्ये इटलीमार्गे. निवडीची कारणं सोपी होती: तोंड वर वळलेलं, त्यामुळे पृष्ठभागावरच्या अळ्या टिपता येतात; जड पाणी चालतं; अंडी न घालता थेट पिल्लं देतो. पुढे गावोगावच्या भिंतींवर घोषणा आली: गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा.

पण मासा अळ्या खातो, म्हणून हिवताप कमी होतो का? ही दोन वेगळी विधानं आहेत. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात दुसऱ्या विधानासाठी पुरेसा भरवशाचा पुरावा आढळला नाही. याचा अर्थ उपयोग नाही असा नव्हे, तर तो नीट मोजलेला नाही असा. तुमच्या प्रबंधातही 'सिद्ध झालं नाही' आणि 'खोटं ठरलं' यांची गल्लत करू नका.

घरी पहिल्यांदा मासे ठेवताय? मग हा इतिहास उपयोगी पडतो. बोअरचं जड पाणी असेल तर गप्पी उत्तम. आपल्याच उपखंडातला हवा असेल तर झेब्राफिश घ्या, निदान सहाच्या थव्याने. हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात तो नोंदवला. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे. बाउल नको, फिल्टर असलेली चाळीस-पन्नास लिटरची टाकी घ्या. जीवाणू बसायला चार-सहा आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला मोजकेच मासे, थोडा दाणा आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदलणं.

आणि पिल्लं वाढली म्हणून गप्पी सुकी नदीत किंवा तापीत सोडू नका. मादी नराचं बीज महिनोन्‌महिने साठवते; एकटी मादीसुद्धा नवी वसाहत उभी करू शकते. ज्या चिवटपणामुळे तो हौदासाठी निवडला गेला, तोच चिवटपणा नदीतल्या आपल्या लहान माशांना महागात पडू शकतो.

यंदा सुट्टीत घरी गेलो तर एकच बदल करून बघणार आहे: त्याच जुन्या बाउलमध्ये, पण हौदातलं शेवाळलेलं दगड घालून, दोनच गप्पी. यावेळी वहीत रोजची नोंद मात्र ठेवणार.