नळीतला कार्बन डायऑक्साइड

कार्बन डायऑक्साइड वाढल्याने पृथ्वी तापते, हे शिकवताना एखादी चौकस मुलगी विचारते, "बाई, तो वायू अडवायची तेवढी उष्णता आधीच अडवत असेल, तर आणखी सोडल्याने काय बिघडणार?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. याच प्रश्नापाशी बहुतेक शास्त्रज्ञ जवळजवळ पन्नास वर्षे अडले होते.

स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ साली, महिनोन्‌महिने हाताने आकडेमोड करून, हा वायू दुप्पट झाला तर तापमान ५-६ अंश सेल्सिअसने वाढेल असे मांडले. चारच वर्षांनी त्यांच्याच देशातल्या नूट आंगस्ट्रॉम यांनी ते खोडून काढले. त्यांच्या सहायकाने, कॉख यांनी, एका नळीत कार्बन डायऑक्साइड भरला. वातावरणाच्या उभ्या स्तंभात असतो त्याहून तो कमीच होता. त्यातून अवरक्त किरण सोडले आणि मग नळीतला वायू एक तृतीयांशाने कमी केला. पलीकडे पोहोचणाऱ्या किरणांत जवळजवळ फरक पडला नाही. शिवाय बाष्पही यांतले बरेच किरण शोषते. मग वायू वाढला काय नि घटला काय!

प्रयोगात मोठी खोट नव्हती. हा वायू किरण फार जोरात शोषतो. अवरक्त वर्णपटमापकावर काम करताना आम्हालाही तो छळतो. विद्यार्थी उपकरणापाशी नुसता श्वास सोडत उभा राहिला तरी आलेखात त्याची खूण उमटते. चूक झाली ती वातावरणाला एक मोठी नळी समजण्यात.

हवेला थर आहेत. जमिनीकडून निघालेली उष्णता एका थरात शोषली जाते, तो थर ती पुन्हा बाहेर टाकतो, वरचा थर शोषतो, असे होत होत ती वर सरकते. हवा पुरेशी विरळ झाली की तिथून ती अवकाशात निसटते. वायू वाढला की ही निसटण्याची जागा आणखी वर जाते. तिथली हवा अधिक थंड, म्हणून ती उष्णता कमी टाकते. सूर्याकडून येणारी आवक मात्र तेवढीच. जमाखर्चाचा मेळ पुन्हा बसेपर्यंत खाली तापणे आलेच. त्या उंचीवर बाष्पही फारसे नसते.

१९३८ साली गाय कॅलेंडर या वाफेच्या यंत्रांवर काम करणाऱ्या इंग्रज इंजिनिअराने जगभरच्या केंद्रांच्या तापमाननोंदी जमवून, तापमान आणि हा वायू दोन्ही वाढत आहेत, असे लंडनच्या हवामानतज्ज्ञांपुढे मांडले. पूर्वी सिमल्याच्या हवामान खात्यात काम केलेले सर जॉर्ज सिम्पसन यांनी तो योगायोग ठरवला. बाहेरचा माणूस म्हणून कॅलेंडर यांना मिळालेली वागणूक मला आजही खटकते. गंमत म्हणजे खुद्द कॅलेंडर यांना ही तापमानवाढ हितकारकच वाटत होती.

थराथरांचा हिशेब गिल्बर्ट प्लास यांनी संगणकावर केला. वायू दुप्पट झाल्यास ३.६ अंश वाढ, हे त्यांचे उत्तर १९५६ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरच्या मौना लोआ येथे मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२०च्या पुढे गेले आहेत.