डेबियनचे पॅकेज अपलोड होण्याआधी कोण तपासते आणि काय?

बुलढाणा जिल्ह्यातला संग्रामपूर तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. इथल्या एखाद्या विद्यार्थ्याने लिनक्स संगणकावर 'सातपुड्याच्या दऱ्या' असे टाइप केले आणि पडद्यावर 'दर्या' उमटले, तर डोंगराचा समुद्र होतो. चूक टाइप करणाऱ्याची नसते, फॉन्टची असते. तो फॉन्ट संगणकात येण्याआधी कुणीतरी त्याचे पॅकेज बांधलेले असते आणि दुसऱ्या कुणीतरी ते तपासलेले असते. हे दोघेही बहुतेक वेळा स्वयंसेवकच असतात.

डेबियन ही १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केलेली मुक्त संगणक प्रणाली. उबुंटू तिच्यावरच उभी आहे. डेबियनमधले बहुतेक सॉफ्टवेअर डेबियनने लिहिलेले नसते. जगभरातल्या लोकांनी लिहिलेले सॉफ्टवेअर स्वयंसेवक पॅकेजच्या रूपात बांधतात: कुठली फाइल कुठे जाईल, सोबत आणखी काय लागेल, परवाना कोणता, कोणत्या आवृत्तीत काय बदलले.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण 'लोहित' फॉन्टचे. ते मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने तयार केले आणि रेड हॅटने २००४ मध्ये जीपीएल परवान्याखाली खुले केले. २०११ मध्ये परवाना बदलून एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स झाला. असा बदल झाला की पॅकेजमधली परवान्याची फाइलही बदलावी लागते. नवख्यांकडून नेमके हेच राहून जाते.

डेबियनच्या भांडारात थेट अपलोड करण्याचा अधिकार मोजक्या लोकांनाच असतो. नवा स्वयंसेवक आपले पॅकेज 'डेबियन मेंटर्स' या सेवेवर ठेवतो आणि प्रायोजक मागतो. इथे प्रायोजक म्हणजे पैसे देणारा नव्हे. तो अनुभवी डेव्हलपर असतो. पॅकेज तपासून, स्वतःच्या डिजिटल सहीने पुढे पाठवतो. सही त्याची, म्हणून जबाबदारीही त्याची.

प्रायोजक आधी परवाने बघतो. प्रत्येक फाइल कुणाची आणि कोणत्या अटीवर, हे लिहिलेले हवे. इंटरनेटवरून उचललेले एखादे चित्र आत सापडले तरी काम थांबते. नंतर पॅकेज कोऱ्या, वेगळ्या वातावरणात पुन्हा बांधून पाहिले जाते. स्वयंसेवकाच्या लॅपटॉपवर वर्षभरात बऱ्याच गोष्टी बसवलेल्या असतात, त्यामुळे 'माझ्याकडे तर चालते' याला फारसा अर्थ नसतो. एखादी गरजेची लायब्ररी यादीत लिहायची राहिली असेल, तर ती इथे लगेच उघडी पडते. 'लिंटियन' नावाचे साधन ठरावीक चुका आपोआप दाखवते. काही जण चूक दुरुस्त करण्याऐवजी लिंटियनची सूचनाच बंद करतात. जाणकार प्रायोजक अशा बंद केलेल्या सूचना आधी शोधतो.

यंत्राला न दिसणारे मात्र बरेच उरते. फॉन्ट नीट बसला, लिंटियन गप्प आहे, पण 'दऱ्या' आणि 'दर्या' वेगळे दिसतात का? 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत की हिंदी? हे मराठी वाचणाऱ्यानेच सांगायचे. त्यासाठी प्रोग्रामिंग येण्याचीही गरज नाही.

चूक सापडली की चांगला प्रायोजक ती स्वतः दुरुस्त करत बसत नाही. कारण लिहून पॅकेज परत पाठवतो. अशा दोन-चार फेऱ्या होतात. वेळ जातो, नवखा कधी वैतागतोही, पण पुढची आवृत्ती त्यालाच बांधायची असते.

दुरुस्तीही धोक्याची ठरू शकते. २००६ मध्ये ओपनएसएसएलच्या डेबियन पॅकेजमधून दोन ओळी काढल्या गेल्या. मेमरी तपासणारे साधन त्यांच्यावर आक्षेप घेत होते आणि हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे गुप्त किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ संपली. एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या फक्त ३२,७६७ वेगळ्या किल्ल्या तयार होऊ शकत होत्या. म्हणजे एकेक करून सगळ्या लावून पाहता येतील इतक्याच. हे मे २००८ मध्ये उघड झाले आणि जगभरातल्या प्रशासकांना किल्ल्या बदलाव्या लागल्या. म्हणूनच मूळ कोडमधला प्रत्येक बदल वेगळ्या 'पॅच' फाइलमध्ये, कारणासह ठेवायला सांगतात आणि तो मूळ लेखकांकडे पाठवण्याचा आग्रह धरतात.

मार्च २०२४ मधले 'एक्सझेड' प्रकरण याच्या उलट होते. तिथे मूळ प्रकल्पातच विश्वास कमावलेल्या व्यक्तीने चोरदरवाजा घातला आणि तो डेबियनच्या चाचणी आवृत्तीपर्यंत पोहोचला. त्याचा कळीचा भाग प्रकाशित संग्रहात होता, सार्वजनिक कोडभांडारात नव्हता. आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले, म्हणून तो सापडला. दोन्ही ठिकाणच्या फाइली ताडून पाहण्याचा कंटाळवाणा सल्ला त्यानंतर जास्त गांभीर्याने घेतला जाऊ लागला.

प्रायोजकाने अपलोड केले तरी अगदी नवे पॅकेज लगेच भांडारात जात नाही. ते वेगळ्या रांगेत थांबते आणि तिथे परवाने पुन्हा माणसांकडून तपासले जातात. मग 'अनस्टेबल', गंभीर दोष न निघाल्यास काही दिवसांनी 'टेस्टिंग' आणि शेवटी 'स्टेबल', असा प्रवास.

इथपर्यंतचे सगळे संग्रामपूरहून करता येते. इंटरनेट आणि स्वतः तयार केलेली जीपीजी किल्ली पुरते. पुढे स्वतः अपलोड करण्याचा अधिकार हवा असेल, तर त्या किल्लीवर आधीच्या डेबियन डेव्हलपरची सही लागते. त्यासाठी सहसा प्रत्यक्ष भेटून ओळखपत्र दाखवावे लागते. अशा भेटी डेबियनच्या संमेलनांत होतात. वार्षिक 'डेबकॉन्फ' भारतात पहिल्यांदा सप्टेंबर २०२३ मध्ये कोचीला भरली.