चेनचा नंबर आणि चेनचं माप

मंडळी, विषय मोटारसायकलच्या चेनचा आणि बोलणारे तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. हसू आलं तर येऊ द्या.

आमच्याकडे १९६८ ची जावा आहे, म्हैसूरच्या आयडियल जावाची. गेल्या वर्षी जळगाव रोडवर, हर्सूल टी-पॉइंटच्या अलीकडे तिची चेन सुटली आणि कव्हरच्या आतच गोळा झाली. मागे सौ. बसल्या होत्या. वेग कमी होता म्हणून निभावलं.

चेन नवी होती, महिन्यापूर्वीच टाकलेली. दुकानदार म्हणाला, 'नंबर तोच आहे ना, ४२८!' आम्हीही मान डोलावली. आता हा नंबर सांगतो काय? पहिला ४ म्हणजे इंचाचे चार अष्टमांश. एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. पुढचे २८ म्हणजे आतली रुंदी, पाच सोळांश इंच. ४२० ची चेनही अर्ध्या इंचाचीच, पण आतून पाव इंच. जावाच्या जाड दात्यांवर ती बसतच नाही. इथवर नंबर इमानदार आहे. बाहेरची रुंदी मात्र तो सांगत नाही. रबरी रिंगांच्या चेनच्या पिना लांब असतात. उघड्या चेनच्या गाडीला त्याचं काही नाही, पण जावाची चेन पूर्ण बंद कव्हरात फिरते. आमच्या चेनचं लॉक कव्हरला घासून घासून उडालं.

आणि हा इंच आला कुठून? जावा मूळ चेकोस्लोव्हाकियाची, म्हणजे मेट्रिक देशाची. म्हैसूरला १९६१ मध्ये ती बनू लागली, तेव्हा आपल्याकडेही १९५६ चा वजनमापांचा कायदा होऊन गेला होता. तरी चेन इंचातच! कारण जन्माने स्विस असलेल्या हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं ते मँचेस्टरमध्ये. साम्राज्य गेलं, चेनमधला इंच राहिला.

काही शौकीन मंडळी मूळ चेन बदलायलाच तयार नसतात. म्हणे गाडीचं जुनेपण जातं. रथ म्हणजे चाक का, आस का, असं नागसेनाने मिलिंद राजाला विचारलं होतं. ज्या शहरात मिलिंद महाविद्यालय आणि नागसेनवन आहे, तिथे तरी हा हट्ट नको. चेन झिजण्यासाठीच असते.

शेवटी आम्ही साधी, बिनरिंगांची ४२८ घेतली. दोन्ही स्प्रॉकेट सोबत बदलले. जुनी चेन शेजारी धरून लांबी जुळवू नका बरं का, झिजलेली चेन लांबलेली असते. कड्या मोजा. लॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला ठेवा. साध्या चेनला तेल वारंवार लागतं, तेवढा त्रास आहे.

गाडी आता छान चालते. सौ. मात्र हर्सूलला रिक्षानेच येतात.